पायाचं माप

भालकीहून बसवकल्याणला निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारची बाई मोजा विणत होती. चार सुया, लिंबाच्या रंगाची लोकर, गुंडा मांडीवरच्या पिशवीत. बस खड्ड्यात आदळली की सुया क्षणभर थबकायच्या आणि पुन्हा चालू. पलीकडच्या बाईशी तिचं तुरीच्या भावाबद्दल मराठीत बोलणं चाललं होतं. मध्येच वाक्य अर्धं सोडून ती ओठातल्या ओठात म्हणाली, "हदिनारु, हदिनेळु, हदिनेंटु." मग पुन्हा तूर.

अठरा. टाच वळली होती.

हे मला कळलं, कारण माझी थोरली मावशीही अशीच मोजायची. दुधाचा हिशेब मराठीत, किराण्याचा मराठीत, टाके तेवढे कानडीत. आळंदला शेजारच्या एका कानडी बाईनं तिच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या. त्यामुळे विणकाम आणि आकडे एकाच भाषेतून बोटांत उतरले आणि तिथंच राहिले. मराठीत मोजायला गेलं की टाका निसटतो, म्हणायची. तिला मोजा या शब्दाचंच फार कौतुक. "नावातच सांगितलंय बघ, मोजा!" आणि हे मराठीत बजावून झालं की ओंदु, एरडु सुरू.

खरं तर पायातला मोजा आणि मोजणं यांचा काही संबंध नाही. मोजा फारसीतून आला, आणि फारसीत 'मोजा' म्हणजे बूट. आमच्या भागाला या शब्दाचं अप्रूप वाटायचं कारण नाही. बीदर बहमनींची राजधानी होतं, आणि तिथं 1472 साली मदरसा बांधणारा महमूद गवान इराणातल्या गिलानहून आलेला. त्या थंड मुलखातली माणसं आली तेव्हा त्यांच्या पायात काय होतं, हे मदरशाच्या उरलेल्या निळ्या-हिरव्या फरशा बघताना माझ्या मनात दर वेळी येतं. आळंदचे आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले, ते पायताबे म्हणायचे. आणि कानडीत कालुचील, म्हणजे पायाची पिशवी. तिन्हींत मला कालुचील सर्वांत आवडतो. त्यात पाय ठेवायची वस्तू आहे, आणि पाय नसताना ती कशी दिसते हेही आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या उन्हाच्या मुलखात लोकरीचे मोजे कशाला? त्यानं जानेवारीतल्या पहाटे बीदरच्या किल्ल्यावर जावं. दोन हजार फुटांवरचं हे पठार, जांभ्या दगडाचं. राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांत त्याचं नाव येतं. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की गारठा पोटरीपर्यंत चढतो. लोकर इथं पूर्वीपासून आहे, पण ती घोंगडीची. दख्खनी मेंढीची राठ, काळी लोकर. पाऊस अडवायला तिच्यासारखं काही नाही, पण लेकराच्या तळव्याला ती बोचते. विणायची मऊ लोकर लुधियानाहून यायची, आणि मावशीच्या लेखी लोकरीचं नावच लुधियाना. "दोन गुंडे लुधियाना आण, पिवळा नको."

पिवळा का नको, ते तिनं कधी सांगितलं नाही.

मोज्यात अवघड काय असतं, तर टाच. पायाची नळी सरळ गोल विणत जाते, त्यात डोळ्यांचं काम नाही. मोठ्या माणसाच्या मोज्याला 60 टाके. टाचेशी आलं की 30 बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या 30 टाक्यांवर मागेपुढे विणून एक पट्टी काढायची. मग पट्टीच्या मध्याच्या जरा पुढं जाऊन दोनाचा एक करायचा, एक टाका विणायचा आणि ओळ अर्धी सोडून मागं फिरायचं. मागल्या बाजूनं तसंच. दर फेरीला एक टाका पुढं. तीस टाके कमी होत होत अठरावर येतात, आणि एवढा वेळ सपाट असलेल्या कापडाला आपोआप खोलगट वाटी पडते. मी लहानपणी हे शंभरदा पाहिलं असेल. तरी ती वाटी कोणत्या टाक्याला पडली हे मला एकदाही पकडता आलं नाही.

पण विणणं नंतरचं. आधी माप.

मावशीनं सुरुवातीला जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर पाय ठेवायला लावून पेन्सिल फिरवायचं ठरवलं. सगळ्यांत आधी आजोबांना बसवलं. आजोबांनी पाय मागं घेतला. "कागदावर पाय? सरस्वती हाय ती." कोरा कागद आहे, मागची बाजू आहे, काही म्हणून उपयोग झाला नाही. उर्दूत शिकलेल्या त्या माणसानं कोणत्याही लिपीच्या कागदाला कधी पाय लागू दिला नाही. मग मावशीनं जो गुंडा विणायचा त्याचाच एक हात लांब दोरा तोडला. आजोबांचा पाय मांडीवर घेतला. दोऱ्याचं टोक टाचेच्या मागं धरलं, तळव्याखालून अंगठ्याच्या टोकापर्यंत आणलं, तिथं गाठ. गाठीपासून पुढं पावलाच्या रुंद भागाभोवती एक वेढा, तिथं दुसरी गाठ. मग हात कपाळाला लावला आणि दोरा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकला.

तेव्हापासून आमच्या घरातले पाय त्या डब्यात जमत गेले. आजोबांचा शेवाळी. त्यांच्या मोज्याला अंगठा वेगळा असायचा, कारण चपलेच्या अंगठ्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. माझ्या आईचा जांभळा, मामाचा तपकिरी. माझे चार, वाढत गेलेले, चारही लाल, कारण मला दुसरा रंग चालत नसे. मावशीच्या धाकट्या दिराचा निळा. त्यांची मोठी अडचण झाली. वहिनी आईच्या जागी, तिनं आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! "वहिनी, तुम्ही दोरा द्या, मी घेतो माप." त्यांनी उभ्यानंच वाकून घेतलं आणि गाठ बोटभर अलीकडं बसली. मोजे आखूड झाले. काका दोन हिवाळे बोटं दुमडून तेच घालत राहिले आणि एका शब्दानं बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी मावशीला मोज्यांवर बोटांच्या गाठी उमटलेल्या दिसल्या. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, म्हणाली, "आता मी आई हाय असं समजा," आणि पाय ओढून मांडीवर घेतला. डब्यात निळे दोरे दोन आहेत, ते यामुळे.

जन्मायच्या आधीच्या बाळाचं माप ती स्वतःच्या अंगठ्यावर घ्यायची. अंगठा आणि वर एक पेर. बाळंतविड्यात झबलं, टोपडं, दुपटं, कुंची कुणीही शिवो, मोजे तिचेच, 36 टाक्यांचे. माझे भालकीहून उदगीरला रेल्वेनं आले, कुणा ओळखीच्या माणसाच्या हाती. दोघी बहिणी शाळकरी असताना, 1 नोव्हेंबर 1956 ला, बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. पुढं एक बहीण भालकीला दिली, एक उदगीरला. मधून गाडी जात होती तीच. उदगीर बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत गेलं, 1982 साली लातुरात. आई आहे त्याच घरात राहून दोन जिल्ह्यांचे पत्ते लिहायला शिकली. मावशीच्या पार्सलावर पत्ताच नसायचा. कुणाच्या हाती, एवढंच विचारायचं.

ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या अँटिनोपोलिसहून आलेला एक मोजा आहे. सुमारे इसवी सन 300 चा, लहान मुलाचा, डाव्या पायाचा, पट्ट्यापट्ट्यांचा. लाल, निळ्या, पिवळ्या अशा तीनच वनस्पतिरंगांतून कुणीतरी त्याला सहा-सात छटा काढल्या. तो एकाच सुईनं केलेला आहे, आपल्या चार सुया फार नंतरच्या. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्या काळच्या आसपासची इजिप्तची लाल जोडी आहे, वहाणेत घालता यावी म्हणून अंगठा वेगळा केलेली. तिचा फोटो पाहिला तेव्हा माझ्या तोंडून "आजोबांचे!" एवढंच निघालं. पण माझा जीव अडकला तो पट्ट्यांच्या मोज्यात. एवढ्या छटा काढणाऱ्या हातानं उजवाही नक्कीच केला असणार.

मावशीनं स्वतःसाठी कधी मोजे विणले नाहीत. जोडव्यांत लोकर अडकते, म्हणायची. चांदीच्या कडेला एक घर ओढलं गेलं की सगळी ओळ आवळते, हे खरंच आहे. हिवाळ्यात ती चुलीपुढं पाय धरायची. तिची चप्पल घरात सर्वांत लहान, मी सातवीत असताना मला ती होईनाशी झाली.

एकदा आम्ही गाणगापूरला गेलो होतो. निर्गुण पादुकांचं दर्शन त्या छोट्याशा झरोक्यातून. मी मागं होते. नृसिंह सरस्वती गाणगापूर सोडून श्रीशैल्याकडं गेले आणि पादुका मागं ठेवून गेले, ही कथा मावशीनं मला वाटेत सांगितली होती. बाहेर आल्यावर ती भीमा-अमरजेच्या संगमाकडं चालता चालता म्हणाली, "माणूस गेल्यावर पायच राहत्यात की ग." मी तेव्हा कॉलेजात होते. मला भूक लागली होती आणि मी भजी कुठं मिळतील ते बघत होते.

डबा आता आमच्याकडं आहे. या दिवाळीत सगळी उदगीरला जमली, तेव्हा तो काढला. बावीस दोरे. एकेक रंग उचलायचा आणि ज्याचा त्यानं ओळखायचा. एकवीस ओळखले गेले. बाविसावा लोकरीचा नव्हता, साधा पांढरा सुती दोरा, दोन गाठींचा. त्या मापाचे मोजे कधी विणलेच गेले नसावेत, नाहीतर रंग असता. पडवीत सगळी पाय पसरून बसली आणि आम्ही दोरा एकेका तळव्याखाली धरून बघितला. वहिनीला आखूड. मामेबहिणीला आखूड. आईला बोटभर आखूड. तिनं तो दोनदा लावून बघितला. माझी भाची आठ वर्षांची, तिच्या पावलापुढं मात्र दोरा दोन बोटं उरला.

"मला हा होईल," ती म्हणाली. "पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या दिवाळीला. तोपर्यंत कुणी गाठ सोडू नका."