वरकस विकताना

पालघर जिल्ह्यातली आमची गवताची जमीन यंदा विकली. महामार्गापासून फार आत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. उलट तेच आम्हाला शोधत आलं.

या भागात भाताची जमीन वेगळी आणि वरकस वेगळी. भाताला बांध लागतो, राब लागतो, चिखलणी आणि लावणी लागते. वरकशीला काही लागत नाही. पाऊस पडला की माळ आपसूक हिरवा होतो, दसऱ्याच्या सुमारास पिवळा पडतो आणि कापायला येतो. नांगर नाही, बियाणं नाही. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं एकच नोंद: गवत पड. त्यामुळे वकिलाकडे बसल्यावर चुलत भावंडं जेव्हा ‘वाडवडिलांनी घाम गाळलेली जमीन’ म्हणून गहिवरायला लागली, तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं झालं. घाम गळला हे खरं. तो आमच्या घरातल्या कुणाचा नव्हता.

हे गवत जायचं मुंबईला. 1874 ते 1905 या काळात मुंबईच्या ट्राम घोडे ओढत होते. शिवाय टांगे होते, व्हिक्टोरिया होत्या. घोडे गेले तरी तबेल्यांतल्या म्हशी राहिल्या. रेल्वे हाताशी होतीच. कापलेलं गवत वखारीत रचायचं, प्रेसमध्ये दाबून गठ्ठे बांधायचे आणि रवाना करायचं. न पेरता पैसा देणारं असं दुसरं पीक मला माहीत नाही.

कापणारे वारली. मी लहानपणी पाहिलेली कापणी अशी: बाई डाव्या हातात मूठ धरते, विळा जमिनीलगत फिरवते, मुठी जमल्या की पेंढी, आणि पेंढी बांधायला त्याच गवताचा पिळून केलेला बंद. कुसळं लुगड्यातून आरपार जाऊन पोटरीत रुततात. दुपारच्या सुट्टीत बायका झाडाखाली बसून भाकरीआधी एकमेकींची कुसळं काढायच्या. अवकाळी सर आली तर पडलेलं गवत काळं पडायचं, त्याला कुबट वास यायचा आणि तबेलेवाला माल नाकारायचा. ते नुकसान मालकाचं, म्हणून घरात त्याची चर्चा भरपूर. कुसळांची चर्चा कधी ऐकली नाही.

1945 साली याच कापणीसाठी वारल्यांनी संप केला. मागणी होती 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. गोदावरी आणि शामराव परुळेकरांची किसान सभा पाठीशी होती. संपाची वेळ अचूक होती, कारण गवत कुणासाठी थांबत नाही. पिकून कुसळ कडक झालं की भाव उतरतो. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड मारला गेला. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी कॉलेजात असताना वाचलं, आमच्या घरात ते पुस्तक नव्हतं. घरात त्या वर्षाची आठवण एवढीच सांगायचे, की त्या साली गवत उभं वाळलं.

मग कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन. पण आपोआप उगवणाऱ्या गवताला कसणारा कोण? कापणारा कूळ ठरत नाही, मजूर ठरतो. उत्तरेला पारडीत, जे आता गुजरातेत आहे, 1953 पासून आदिवासींनी याच प्रश्नावर सत्याग्रह चालवला: गवताच्या जमिनीत आम्हाला धान्य पिकवू द्या. आमची भातजमीन कुळांकडे गेली आणि वरकस राहिली, ती या फटीतून. आजोबांच्या दूरदृष्टीचं आम्ही जे कौतुक करतो, ते बरंचसं या फटीचं आहे.

विकण्याची कारणं नेहमीचीच. नातवंडं शहरात, हिस्से लहान, काका थकलेले. गवताच्या वखारीला आग लागली की सगळा हंगाम जातो, आणि उंच रचलेला ट्रक विजेच्या तारेला लागून पेटल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. विकायला नको होती, असं मी म्हणणार नाही. माझा हिस्सा मीही घेतला.

सह्यांच्या आधी मी एकदाच आग्रह धरला. पाड्यावरून ओढ्याकडे आणि शाळेकडे जाणारी पायवाट आमच्या माळातून तिरकी जाते. गवत होतं तोवर तिला कुणाची परवानगी लागली नाही. खरेदीदाराला तिथे गोदामं आणि भोवती भिंत हवी होती. वाट नकाशात नव्हती, म्हणून ती नाहीच असं त्याचं म्हणणं. काकांनी पाड्यावरच्या म्हाताऱ्याला बोलावून ती चालून दाखवायला लावली, मोजणीवाल्याकडून खुणा करून घेतल्या, आणि किंमत थोडी उतरवून तेवढी पट्टी दस्तात वहिवाटीची म्हणून लिहून घेतली. भावंडांपैकी दोघं अजून त्यावरून नाराज आहेत.

तुमच्याही घरी अशी वरकस असेल आणि ती विकायला निघाला असाल, तर वकिलाकडे जाण्याआधी पाड्यावर जा. वाट कुठून जाते, गुरं कुठे पाण्याला उतरतात, हे विचारा आणि दस्तात लिहा. भिंत उभी राहिल्यावर ते लिहून मिळत नाही.