वायमार: हरकत नावाला होती

'शाकुंतल' वाचून जर्मन महाकवी गटे ते डोक्यावर घेऊन नाचला, ही गोष्ट मराठी माणूस शाळेतच ऐकतो. नाचण्याची भर कोणी घातली असेल ती असो; १७९१ साली गेओर्ग फॉर्स्टरचा जर्मन अनुवाद वाचून गटे भारावला आणि त्याने शकुंतलेवर चार ओळींचे कवन लिहिले, हे खरे. त्यामुळे जर्मनीचा प्रवास ठरला तेव्हा आम्हा उभयतांच्या यादीत वायमार बर्लिनच्याही आधी होते.

गाव लहान, पायी हिंडण्याजोगे. गटेच्या घरात पुढची दालने पुतळ्यांनी आणि चित्रांनी सजलेली; मागची लिहिण्याची खोली मात्र अगदी साधी, आणि तिला लागून ती चिमुकली निजण्याची खोली, जिथे १८३२ साली त्याने आरामखुर्चीत प्राण सोडला. नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर यांचा जोडपुतळा १८५७ पासून उभा आहे. त्याच नाट्यगृहात १९१९ साली जर्मन प्रजासत्ताकाची राज्यघटना संमत झाली. बाउहाउस ही कलाशाळाही त्याच वर्षी याच गावात निघाली. एवढ्याशा गावाने जगाला किती द्यावे, असे आम्ही एकमेकांना म्हणत होतो.

गावातूनच एक बस एटर्सबर्ग टेकडीवर जाते. गटे तिथे फिरायला येत असे. १९३७ साली नाझींनी बंद्यांकडूनच तिथले जंगल तोडवून छळछावणी उभारली आणि तिला टेकडीचेच नाव दिले. त्यावर वायमारमधील नाझी सांस्कृतिक मंडळाने हरकत घेतली: हे नाव गटेच्या आयुष्याशी निगडित आहे, ते छावणीला नको. हरकत मान्य झाली आणि छावणीचे नाव 'बूखेनवाल्ड' पडले. छावणीविषयी मंडळाची काही तक्रार नव्हती. १९४५ पर्यंत तिथे सुमारे २,८०,००० माणसे डांबली गेली. त्यांतली सुमारे ५६,००० मेली.

फाटकाच्या लोखंडी दारात 'ज्याचे त्याला' अशा अर्थाची जर्मन अक्षरे आहेत. ती आतून सुलट दिसतात, म्हणजे हजेरीला उभ्या राहणाऱ्या बंद्यांना वाचता यावीत अशी. त्यांची घडण फ्रान्झ एर्लिख या बंद्याने केली. तो बाउहाउसचा विद्यार्थी होता, आणि अक्षरांना त्याने वळणही बाउहाउसचेच दिले. आत एका ओकचा बुंधा आहे. बंदी त्याला गटेचा ओक म्हणत. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. मैदानात १९९५ साली बसवलेला धातूचा एक पत्रा आहे. तो बारा महिने ३७ अंशांवर, माणसाच्या अंगाइतका उबदार ठेवतात. आम्ही वाकून त्यावर हात टेकवला. बोलणे सुचले नाही.

'वाचाल तर वाचाल' ही आमच्याकडच्या ग्रंथालयांतली पाटी. तिच्यावर श्रद्धा ठेवूनच आम्ही वाढलो, आणि तीच श्रद्धा आम्हाला वायमारला घेऊन आली होती. पण नावाला हरकत घेणारी ती मंडळीही वाचणारीच होती. गटे त्यांना प्रिय होता. माणूस तेवढा त्या प्रेमाबाहेर राहिला. रसिकता आणि माणुसकी या सख्ख्या बहिणी, असे आपण सहज धरून चालतो. एटर्सबर्गवर तसे धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आना अमालिया ग्रंथालय पाहिले. २००४ च्या आगीत तिथली सुमारे ५०,००० पुस्तके जळाली. त्या रात्री माणसांनी साखळी करून हातोहात पुस्तके बाहेर काढली होती. ती साखळी डोळ्यांसमोर आणताना आम्हाला भरून आले. तरीही कालचा प्रश्न सुटला नाही, आणि तो सुटू नये असेच आता वाटते.