वर कोण होता?

वकिलाने बर्फावर घसरावयास शिकावे, यात आमच्या स्नेहीमंडळींना विनोदाखेरीज काही दिसले नाही. "घसरण्यासाठी पैसे मोजून ऑस्ट्रियाला कशाला जायला हवे? म्हापशाच्या बाजारात पावसाळ्यात ती सोय फुकट आहे," असे एका ज्येष्ठ वकीलमित्रांनी बाररूममध्ये जाहीर केले आणि उपस्थितांनी तो ठराव एकमताने संमत केला. आम्हीही हसलो. मनातून मात्र आम्हांस त्यांच्या अज्ञानाची कीव आली. कारण दोन हिवाळ्यांत मिळून तीन आठवडे गुलमर्गला काढून आम्ही स्कीवर उभे राहावयास, वळावयास आणि बहुतेक वेळा थांबावयासही शिकलो होतो. आता थोडी सफाई तेवढी आणावयाची, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या प्रामाणिक समजुतींपासून देवाने त्याचे रक्षण करावे!

झुरिकहून निघालेली आगगाडी आर्लबर्ग पर्वताच्या बोगद्यात शिरते. 1884 साली खुला झालेला हा बोगदा दहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. त्यातून बाहेर पडताच सेंट अँटन हे गाव लागते. स्कीविद्येचे हे एक जुने गुरुकुलच. शेजारच्या श्टुबेन गावचा हानेस श्नायडर हा तरुण 1907 साली येथे शिक्षक म्हणून आला. नॉर्वेची ताठ उभे राहून घसरण्याची रीत आल्प्सच्या उभ्या उतारांवर निभेना, तेव्हा त्याने गुडघे वाकवून, स्कींची मागची टोके फाकवून वळण्याची पद्धत बसविली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने शिष्यांच्या योग्यतेप्रमाणे वर्ग पाडले आणि पायरीपायरीने शिकविण्याचा क्रम घालून दिला. 1938 साली नात्सींनी ऑस्ट्रिया घेतला, तेव्हा या माणसाला तुरुंग पाहावा लागला. पुढल्या वर्षी तो अमेरिकेतील नॉर्थ कॉन्वे येथे गेला आणि तेथे शिकवू लागला. गुरू परागंदा झाला, पण शिडी टिकली. आजही तेथे पहिली पायरी तीच: दोन्ही स्कींची पुढची टोके जुळवून, मागची फाकवून वेग आवरावयाचा. या आकृतीला जर्मन भाषेत नांगरच म्हणतात.

नाताळच्या सुटीला जोडून आम्ही तेथील एका सहा दिवसांच्या शिकवणीत नाव घातले होते. पहिल्या सकाळी प्रत्येकाने थोडे अंतर उतरून दाखवावयाचे आणि शिक्षकांनी वर्ग ठरवावयाचा. आम्ही मोठ्या रुबाबात उतरलो. निकाल लागला तो असा, की आमची रवानगी नांगरवाल्यांच्या लगतच्या वर्गात झाली. सहाध्यायी कोण? बारा-तेरा वर्षांच्या दोन मुली, एक नवविवाहित जोडपे आणि हॉलंडचे एक सत्तरीतले आजोबा. शिक्षिका आमच्या निम्म्या वयाची. तिने आमचा दोष एका वाक्यात सांगितला: "तुम्ही डोंगराला धरून उभे राहता."

हे वाक्य आम्हांस प्रथम स्तुतिपर वाटले. परंतु बर्फावरचा न्याय उलटा आहे. खाली दरी दिसली, की भयाने अंग आपोआप मागे, डोंगराकडे झुकते. झुकले, की खालच्या स्कीवरचा भार जातो. भार गेला, की तिची पोलादी कड बर्फात रुतत नाही. आणि कड सुटली, की स्की आपल्या स्वाधीन राहत नाही. ज्या झुकण्याने जीव वाचेल असे वाटते, त्याच झुकण्याने माणूस पडतो. वळावयाचे असेल, तर छाती दरीकडे करून भार बाहेरच्या, म्हणजे वळण संपताना खाली येणाऱ्या, पायावर टाकावा लागतो. बाई दिवसभर "लांगझाम, लांगझाम" म्हणत असत. शब्द जर्मन, पण सूर आमच्या ओळखीचा होता. लहानपणी विहिरीच्या पायऱ्या उतरताना आमची आजी अगदी अशीच "सवकास रे, सवकास" म्हणत असे. तेव्हाही आम्ही ते ऐकले नव्हते.

चौथ्या दिवशी, दुपारच्या सुटीत, आम्ही एकटेच सरावाला निघालो. उतार निळ्या खुणेचा, म्हणजे सोपा. रुंद आणि मोकळा. पुढे, खालच्या बाजूस, डच आजोबा संथपणे वळणे घेत चालले होते. त्यांना डावीकडून मागे टाकावे असे आमच्या मनाने घेतले. आम्ही जवळ पोहोचलो आणि आजोबा नेमके डावीकडे वळले. आम्ही घाबरून मागे झुकलो. स्की ऐकेनात. पुढच्या क्षणी दोघेही बर्फात होतो, आणि आजोबा उजवे मनगट धरून बसले होते.

लाज वाटावी अशी गोष्ट यापुढची आहे. त्यांना हात देऊन उठवीत असतानाच आमच्या डोक्यात कैफियत तयार होऊ लागली होती. कलम पहिले: प्रतिपक्ष कोणतीही पूर्वसूचना न देता वळला. कलम दुसरे: उतार रिकामा असता त्यास डावीकडे वळण्याचे कारण नव्हते. शिक्षिका आली. आम्ही कैफियत सादर केली. तिने ती शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला:

"वर कोण होता?"

"आम्ही."

"मग झाले तर."

आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने 1967 साली उतारावरील वर्तनाचे दहा नियम केले. रात्री आम्ही ते वकिलाच्या नजरेने, म्हणजे पळवाट शोधीत, वाचले. तिसरा नियम: मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी, की पुढच्यास धोका होणार नाही. चौथा: मागे टाकताना एवढे अंतर ठेवावे, की पुढचा स्वेच्छेने वा अनिच्छेने कसाही हलला, तरी त्यास जागा राहावी. "अनिच्छेने" हा शब्द वाचून आम्ही पुस्तिका मिटली. पळवाटच बुजविलेली होती. तर्क साधा आहे: खालच्याच्या पाठीला डोळे नसतात, वरच्याला सगळा उतार दिसत असतो. ज्याला दिसते, त्याची जबाबदारी.

आजोबांच्या मनगटाचे हाड शाबूत होते; पण मनगट मुरगळले होते आणि त्यांची सुटी मात्र संपली होती. आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा ते डाव्या हाताने कॉफी पीत होते. आम्ही क्षमा मागितली. वाक्याच्या शेवटी "परंतु" ओठांवर आला होता, तो गिळला. ते म्हणाले, "तुम्ही भिऊन मागे झुकलात, म्हणून तुम्हांला वळता आले नाही. उद्या पुढे झुका." सहाव्या दिवशी आम्हांस तीन वळणे नीट साधली. तेवढीच.

घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक अपील मुदतीबाहेर गेल्याचे ध्यानात आले. आमच्या कनिष्ठाने मसुदा वेळेत केला होता. तो सहीसाठी आमच्या मेजावर पडून राहिला होता, आणि आम्ही आल्प्सची स्वप्ने पाहत होतो. तरी पक्षकारादेखत आम्ही त्या पोरालाच फैलावर घेतले. तो मान खाली घालून उभा राहिला. रात्री झोप येईना, आणि त्या बर्फावरच्या पोरीचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पक्षकाराला पुन्हा बोलावले आणि कनिष्ठासमक्ष खरे काय ते सांगितले. मग विलंबमाफीचा अर्ज लिहावयास बसलो. अशा अर्जांत "कनिष्ठ वकिलाची नजरचूक" हे कारण आजवर आम्ही किती वेळा घातले असेल, त्याची गणती नाही. या वेळी ते घातले नाही. प्रतिज्ञापत्र आमच्याच नावाने केले.