कामठीची छावणी आणि ब्रह्मदेशाची वाट

दीक्षाभूमीला वंदन करून बहुतेक समाजबांधव परतीच्या गाड्या धरतात. आम्ही घरची मंडळी यंदा कामठीकडे वळलो. नागपूरपासून अवघे 15 किलोमीटर. मुलांना ड्रॅगन पॅलेस पाहायचा होता. आमच्या मनात मात्र तिथली छावणी होती.

कन्हान नदीकाठी इंग्रजांनी ही छावणी वसवली. आज तिथे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. आत जाता येत नाही, म्हणून रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली उभे राहूनच मुलांना सारे सांगितले.

1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला पराक्रम गाजवणाऱ्या आपल्या समाजाला इंग्रजांनीच पुढे लष्कराची दारे बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111 महार ही पलटण उभी केली. गरज सरली आणि पलटण मोडली. 1941 साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी उभी राहिली ती या कामठीत, आणि ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली.

आमचे आजोबा त्या आघाडीवर होते. लढाईची गोष्ट ते कधी सांगत नसत. सांगत ती एका म्हातारीची. तिने आपल्या मडक्यातले पाणी स्वतःच्या हाताने पाजले, आणि कोण, कुठला, काही विचारले नाही. गावी परतल्यावर अंगावर खाकी वर्दी असूनही चहाच्या दुकानात त्यांची कपबशी वेगळीच होती. परक्या मुलखात ते 'इंडियन' होते. गावच्या वेशीत पाऊल टाकताच पुन्हा जात चिकटली.

समोरचा शत्रू जपानी, बुद्धाला मानणाऱ्या देशातला. ज्या भूमीवर लढाई चालली तीही बौद्धांची. आणि आपला शिपाई तेव्हा बौद्ध नव्हता! 1954 च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांना दीक्षा दिली ती आराकानात जन्मलेल्या पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. पांढऱ्या कपड्यांत त्या गर्दीत उभ्या असलेल्या आजोबांना भन्ते ब्रह्मदेशचे असल्याचे कळले, तेव्हा ते मडके आठवले म्हणे.

महार रेजिमेंटमध्ये आज सर्व जातींचे, सर्व प्रांतांचे जवान आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. 1987 साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन हेही 8 महारचेच. अनेक रेजिमेंटच्या रणघोषात देवादिकांचे नाव असते. महार रेजिमेंटचा रणघोष आहे 'बोलो हिंदुस्तान की जय'.

यावर आमची धाकटी म्हणाली, "मग नाव का जातीचे?"

खरे सांगायचे तर आम्ही जरा गडबडलो. नाव काढले तर दारे कोणाला बंद होती आणि कोणी झगडून ती उघडली, हेही पुसले जाईल. ठेवले तर जात ओठांवर राहते. आम्हाला ते राहावे असे वाटते. तिला पटलेले दिसले नाही, आणि आम्हीही हट्ट धरला नाही.

मग ड्रॅगन पॅलेसला गेलो. जपानच्या ओगावा सोसायटीच्या साह्याने 1999 साली उभे राहिलेले हे विहार. आत चंदनी लाकडाची बुद्धमूर्ती, सारे कसे निःशब्द! ज्यांच्याशी लढायला कामठीची पलटण गेली होती, त्यांच्याच देशातून कामठीला हे दान आले. आजोबा तोवर राहिले नाहीत. असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करीत आम्ही पायरीवर बसून राहिलो. मुले अंगणात धावत होती. जायची वेळ झाली तेव्हा त्यांना हाक मारून आत बोलावले आणि सर्वांनी मिळून त्रिशरण घेतले.