सुरीचं पाणी

"धाऽऽर लावा, धार! चाकू, सुरी, कात्रीऽऽ!"

मुलांनो, ही आरोळी कधी ऐकलीय? माझे बाबा ती देत वाशीमच्या गल्ल्यांतून फिरायचे. सायकल स्टँडवर उभी करून पायडल मारलं, की सहाणेचं चाक गरगर फिरायचं आणि ठिणग्या उडायच्या. या ठिणग्या म्हणजे पात्यातून घासून निघालेले, तापून हवेत जळणारे पोलादाचे बारीक कण!

ही गोष्ट १९९६ च्या उन्हाळी सुट्टीतली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला ते स्वतंत्र जिल्हा झालं. मी सातवी पास झालो होतो. बाबांचं काम मात्र कमी झालं होतं. घरची विळी वर्षातून एकदा धारेला येणार. त्यावर आमच्या वह्या-पुस्तकांचं कसं भागणार?

एकदा बसस्टँडजवळ आलूबोंडे घ्यायला गेलो. हॉटेलातला कारागीर कांदा चिरत नव्हता, चक्क चेंगरत होता! मला वाटलं, घरात दिवसाला चार कांदे लागतात, इथं तर पोतं! यांच्या सुऱ्या तर दर आठवड्याला बोथट होत असतील.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन पाच ठिकाणी विचारलं. तिघांनी हाकललं. एका खानावळीतल्या मावशी म्हणाल्या, "काऊन रे पोरा, सुरी खराब केली तं?"

"नाही होणार मावशी. उलट बोथट सुरीला जोर लावावा लागतो. ती सटकते आणि बोट कापतं."

मावशी हसल्या. एका सुरीचे दोन रुपये ठरले.

बाबांनी मला चष्मा लावायला दिला आणि जवळ उभं राहून शिकवलं. पातं तिरपं धरायचं, हलक्या हातानं फिरवायचं, पुन्हापुन्हा पाण्यात बुडवायचं. पण एक दिवस बाबा जेवायला बसले असताना मी एकट्यानंच मावशींची सुरी घेतली. घाईत पाण्यात बुडवलीच नाही, वर दाबून धरली. धारेवर निळी झाक आली. मी ती पुसत बसलो, जाईना. तशीच सुरी देऊन आलो.

दोन दिवसांत सुरी परत आली. बाबांनी ती उजेडात धरली.

"तापवली ना? पोलाद साधारण तीनशे अंशांवर गेलं की निळं दिसते. पानी उतरते त्याचं. मग धार टिकत नाही."

मी मान खाली घातली.

"सुरीचं पानी उतरलं त नवी घेता येते," बाबा हळूच म्हणाले, "मानसाचं उतरलं त?"

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी डब्यातले साठवलेले पैसे घेतले, नवी सुरी आणली, तिला बाबांकडून धार लावून घेतली आणि खानावळीत गेलो. सगळं खरं सांगितलं.

"बाबानं पाठवलं काय तुले?"

"नाही मावशी. मीच आलो."

त्यांनी टमाटा घेतला. सुरी नुसती टेकवली, साल अलगद कापली गेली.

"दर सोमवारी येत जाय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या हॉटेलवाल्यालेबी सांगतो मी."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या दप्तरात नव्या वह्या होत्या. आज कुठलंही काम उरकून टाकावंसं वाटलं, की मला ती निळी झाक आठवते. मग मी हात जरा हलका करतो.