जायफळाची पेंग

माझी पत्रिका मांडताना जोशीबुवांनी ग्रहांऐवजी लोकलचं टाइमटेबलच मांडलं असावं. तेहतीस वर्षं डोंबिवलीहून ८.१२ ची गाडी धरली. निवृत्तीनंतर गाडी सुटली, घाई काही सुटली नाही. लग्नाच्या वरातीपासून सौ. माझ्यामागे दहा पावलं आहे आणि ते अंतर मी कधी कमी होऊ दिलेलं नाही.

२०१८ साली अमेरिकेतल्या मुलाने आम्हां दोघांना कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर बसवलं. मी आधी प्रत्येक बेटाचं वेळापत्रक मागून घेतलं. ग्रेनेडा : सकाळी आठ ते दुपारी चार. म्हणजे आठ तासांत एक स्वतंत्र देश उरकायचा! देश तसा आटोपशीर. वस्ती लाखभराच्या थोडी वर, म्हणजे आमच्या स्टेशनावरची एक सकाळ.

सेंट जॉर्जेसच्या धक्क्यावर टॅक्सीवाला गाडीला टेकून नारळपाणी पीत उभा होता. आमचे चेहरे पाहून म्हणाला, "त्रिनिदादहून का?" शेजारच्या त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे लोक पुष्कळ, तेव्हा अंदाज वावगा नव्हता.

"डोंबिवली," मी छाती काढून सांगितलं.

"ते कुठलं बेट?"

"पावसाळ्यात होतं खरं," सौ. पुटपुटली.

आम्ही ग्वाव्ह गावचं जायफळाचं केंद्र पाहायला निघालो. वाटेत त्याने चार वेळा गाडी थांबवली. एकदा मावशीची चौकशी, एकदा मासळीचा भाव आणि दोनदा नुसत्याच गप्पा. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तर तोही नमस्कारच निघाला! मी घड्याळ दाखवलं. त्याने ते कौतुकाने पाहिलं आणि "छान आहे" म्हणाला.

या देशाच्या झेंड्यावरच जायफळ आहे. आपल्याकडे पुरणात चिमूटभर जायफळ पडलं की अख्खं घर दुपारी आडवं होतं. इथे तर ते झेंड्यावर! देशाला पेंग आली तर नवल काय, अशी कोटी मी सौ.ला ऐकवली. ती हसली नाही. बहुधा मागे राहिल्यामुळे ऐकू गेली नसावी.

केंद्रात बायका हाताने जायफळं निवडत होत्या. जायफळ पाण्यात टाकून पाहतात. बुडेल ते उत्तम, तरंगेल ते हलकं. आमच्या ऑफिसात नेमकं उलट होतं.

टॅक्सीवाल्याला मी विचारलं, "इथे कोणालाच कशाची घाई नाही का हो?"

"आहे ना," तो म्हणाला. "याच गावचा किरानी जेम्स. २०१२ साली लंडनला ४०० मीटर ४३.९४ सेकंदांत धावला. देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही सोन्याचं."

"मग सरकारने काय केलं?"

"अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली."

मग तो आपणहून बोलू लागला. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन वादळ आलं. त्याआधी जायफळात इंडोनेशियाच्या खालोखाल ग्रेनेडाचा नंबर. त्या वादळात बहुतेक झाडं मोडली, दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं. याचंही छप्पर गेलं. पुढच्या वर्षी त्याने चाळीस रोपं लावली. जायफळाचं रोप नर की मादी हे फुलोरा आल्याशिवाय कळत नाही, आणि त्यालाच सहा-सात वर्षं लागतात. फळ धरते ती मादी. याची निम्मी झाडं नर निघाली.

"मग हो?"

"मग पुन्हा लावली. घाई करून झाड ऐकतं का, साहेब?"

मला आपली कोटी आठवली आणि ती सौ.ने ऐकली नाही हे बरंच झालं असं वाटलं.

दीडच्या सुमारास त्याने आम्हांला सेंट जॉर्जेसच्या बंदराशी सोडलं. मी सवयीने पुढे निघालो. दहा पावलांवर वळून पाहतो तो सौ. कठड्यावर बसलेली.

"अहो, बसा ना जरा."

बसलो. समोर होड्या हेलकावत होत्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

"छत्तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "तोंडापेक्षा तुमची पाठच जास्त पाहिलीय मी."

मला उत्तर सुचेना. गाडी डोळ्यांदेखत निघून गेल्यावर फलाटावर वाटतं, तसं काहीसं वाटलं. मी घड्याळ काढून खिशात टाकलं.

उठलो तेव्हा जहाजावर चढायची मुदत संपायला दहा मिनिटं उरली होती. सौ. झपाझप पुढे आणि मी मागे.

"अहो," ती वळून ओरडली, "जरा पाय उचला की!"