अब्जावधी वर्षांची भिंत

दातांच्या फटीतून खरवडलेलं किंचितसं किटण काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचं, वाळवायचं आणि पट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झर्रकन फिरवायची. मग क्रिस्टल व्हायोलेटचे जांभळे थेंब, मिनिटभराने पाण्याची हलकी धार, त्यावर आयोडीन, पुन्हा धार. इथवर सगळंच जांभळं. खरी परीक्षा पुढच्या अल्कोहोलची. काही सेकंदांत काही जिवाणूंचा रंग धुऊन जातो, काहींचा तसूभरही हलत नाही. शेवटी सॅफ्रनिनचा हात फिरला, की भिंगाखाली एकाच तोंडात नांदणारी दोन घराणी उमटतात. जांभळे ठिपके, गुलाबी काड्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजही विद्यार्थ्याची सुरुवात बहुधा इथूनच होते.

हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने 1884 मध्ये बर्लिनमध्ये ही रीत प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत त्याला जंतू स्पष्ट दिसायला हवे होते, एवढाच त्याचा हेतू. गुलाबी रंगाची भर नंतर इतरांनी घातली. आपली पद्धत अजून कच्ची आहे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. रंग का टिकतो आणि का जातो, याचा उलगडा व्हायला बराच काळ जावा लागला. जांभळ्यांची भिंत जाड, 20 ते 80 नॅनोमीटर. तिच्यात रंग अडकून बसतो. गुलाबींची भिंत जेमतेम काही नॅनोमीटरची, वर स्निग्ध पदार्थांचं आणखी एक आवरण. अल्कोहोलने ते विरघळलं, की रंगाला वाट मोकळी.

पण जिवाणूला भिंत लागतेच कशाला?

पेशीच्या आत क्षार, शर्करा, प्रथिनं यांची दाटी असते; बाहेर पातळ पाणी. ते सतत आत शिरू पाहतं आणि पेशी फुगत जाते. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत हा दाब हवेच्या दाबाच्या वीसेक पट असतो. आतलं नाजूक पेशीपटल म्हणजे सायकलची ट्यूब, आणि भिंत म्हणजे तिच्यावरचा टायर. टायर चिरला, की ट्यूब त्या फटीतून फुगा काढते आणि फुटते.

ही भिंत पेप्टिडोग्लायकनची. दोन शर्करा आलटून पालटून जोडलेल्या लांबच लांब साखळ्या, आणि साखळी साखळीला बांधणारे अमिनो आम्लांचे आखूड दुवे. या दुव्यांतली काही अमिनो आम्लं प्रथिनांमधल्या नेहमीच्या अमिनो आम्लांची आरशातली प्रतिबिंबं असतात. प्रथिनं कापण्यात तरबेज असलेल्या विकरांचीही तिथे डाळ शिजत नाही. जिवाणूभोवतीची सगळी भिंत म्हणजे एकच अखंड, पिशवीच्या आकाराचा प्रचंड रेणू. जिवाणू वाढायचा तर हा रेणू जागोजागी कापून त्यात नवे धागे सांधावे लागतात, तेही आतला दाब क्षणभरही न सोडता.

नेमक्या याच सांध्यावर घाव बसतो. अलेक्झांडर फ्लेमिंगला 1921 मध्ये सर्दीतल्या नाकाच्या स्रावात लायसोझाइम सापडलं. ते आपल्या अश्रूंतही असतं आणि भिंतीतल्या शर्करांचे जोड थेट तोडतं. 1928 मध्ये त्याच्याच बशीत उगवलेल्या बुरशीने पेनिसिलिन दिलं. भिंतीचे दुवे जुळवणाऱ्या विकराला पेनिसिलिन हुबेहूब दुव्याच्या टोकासारखं दिसतं, ही कल्पना टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी 1965 मध्ये मांडली. विकर त्याला पकडतं आणि कायमचं अडकतं. कापणं सुरू राहतं, सांधणं थांबतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर वाढणाऱ्या काडीच्या मध्यावर एक फुगवटा येतो, तो टम्म होत जातो आणि एका क्षणी काडीच्या जागी रिकामं टरफल उरतं.

ते पेनिसिलिन बनवणारी बुरशी मात्र ठणठणीत राहते, कारण तिची भिंत कायटिन आणि ग्लुकनची. माणसाच्या पेशींना तर भिंतच नाही. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात 1950 च्या दशकात देशी पेनिसिलिन तयार होऊ लागलं, ते भिंतींमधल्या या प्राचीन फरकाच्या जोरावरच.

या फरकाची मुळं फार खोल आहेत. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने निदान केलं, की हा रंग खारट पाण्यात रमणाऱ्या हॅलोआर्कियांचा. दिसायला जिवाणूंसारख्या या मंडळींना पेप्टिडोग्लायकन ठाऊकच नाही. प्रथिनांच्या जुळत्या रेणूंची एकपदरी फरसबंदी, एवढंच त्यांचं आवरण. बाहेर मीठ तसं आतही मीठ, त्यामुळे दाबाची धास्ती नाही. त्यांचा एक भाऊबंद 1980 मध्ये अँथनी वॉल्सबी यांना सिनाईच्या खाऱ्या डबक्यात दिसला. तो चक्क चौकोनी होता, कागदाच्या कपट्यासारखा सपाट. दाबाने टरारलेल्या पेशीला असा आकार परवडलाच नसता.

गोबरगॅसच्या टाकीत मिथेन बनवणारे काही आर्किया आणखी वेगळी भिंत बांधतात. ढाचा पेप्टिडोग्लायकनसारखाच, पण एक शर्करा निराळी, जोड निराळा आणि आरशातली अमिनो आम्लं गायब. लायसोझाइम आणि पेनिसिलिन दोन्ही तिथे हात टेकतात. ती बांधणारी काही विकरं मात्र जिवाणूंच्या विकरांशी नातं सांगतात. भिंतीच्या बांधणीतला हा फरक म्युनिकच्या ओटो कांडलर यांनी ओळखला आणि आर्किया हे जीवसृष्टीचं स्वतंत्र घराणं आहे, या कार्ल वूझ यांच्या 1977 च्या मांडणीला भक्कम आधार मिळाला.

मिळालेली भिंत काहींनी टाकूनही दिली. मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचे पूर्वज भिंतवाले होते. यजमानाच्या शरीरातल्या सुरक्षित ओलाव्यात त्यांनी ती सोडली. आणि 1935 मध्ये एमी क्लीनेबर्गर या नाझी जर्मनीतून लंडनला आलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी लिस्टर संस्थेत भिंतीविना जगणारी जिवाणूंची रूपं नोंदवली. संस्थेच्या नावावरून त्यांना एल-रूपं म्हणतात. न्यूकॅसलच्या जेफ एरिंग्टन यांच्या गटाने दाखवलं, की ही रूपं विभाजनाच्या नेहमीच्या यंत्रणेशिवाय वाढतात. पटल गरजेपेक्षा जास्त झालं, की ते वेडंवाकडं होत तुटतं आणि पिल्लं सुटी होतात. भिंत येण्याआधीच्या आदिम पेशी कदाचित अशाच वाढत असतील.

शेतातही भिंतीची जात ओळखावी लागते. नाशिकचा द्राक्ष बागायतदार डावणी आणि भुरी या रोगांची नावं एका दमात घेतो. पण भुरी ही खरी बुरशी, कायटिनच्या भिंतीची. डावणीच्या भिंतीत सेल्युलोज, आणि तिचं नातं तपकिरी शैवालांशी. म्हणून सेल्युलोजची बांधणी अडवणारं डायमेथोमॉर्फ डावणीवर चालतं, भुरीवर नाही.

भिंतींची ही उत्क्रांती अजून संपलेली नाही. व्हॅन्कोमायसिन हे औषध जिवाणूंच्या भिंतीतल्या दुव्याच्या टोकावरची डी-अलॅनिनची जोडी घट्ट धरून बांधकाम रोखतं. 1980 च्या दशकाअखेर रुग्णालयांत असे एंटेरोकॉकस दिसले, ज्यांनी त्या जोडीतला शेवटचा अलॅनिन बदलून लॅक्टेट बसवला होता. तेवढ्याने औषधाची पकड हजार पटींनी ढिली पडते.

विषाणूंना पेप्टिडोग्लायकनची भिंत नसतेच. सर्दी किंवा फ्लूमध्ये पेनिसिलिनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन घेतलं, तर रोगाला ढिम्म काही होत नाही. मरतात ते घशातले, आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू, आणि रान मोकळं मिळतं ते औषधाला पुरून उरणाऱ्यांना. म्हणून डॉक्टर ‘याला अँटिबायोटिक नको’ म्हणाले, तर हट्ट धरू नये, आणि कपाटातल्या जुन्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत.